गुणी बाळाची पट्टी

४ एप्रिल

प्रिय ताई,

उशीर झाला म्हणून फुरंगटून बसू नकोस. एका हाताने लिहितेय, दुसऱ्या हातावर तुझा भाचा आहे आणि तो रडतोय. रडतोय म्हणजे साधंसुधं नाही. खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीन थांबवून वर बघतो. पाच आठवड्यांचं पोर, मूठभर छाती, आणि आवाज कुठून काढतो देव जाणे. पाजलं तरी रडतो, नाही पाजलं तरी रडतो. काल मीही त्याच्याबरोबर रडले, तेव्हा तो दोन मिनिटं गप्प होऊन माझ्याकडे बघत राहिला आणि मग पुन्हा सूर लावला.

नावाचं घोडं अजून अडलेलंच आहे. इथे तीन महिन्यांच्या आत नोंदणी कार्यालयात नाव द्यावं लागतं, म्हणजे सत्तावीस मेपर्यंत. लग्न ठरताना काय बोलणं झालं होतं आठवतंय ना? कागदावरचं नाव त्यांच्या भाषेतलं, हाकेचं आपल्या भाषेतलं. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. मूल नव्हतं तेव्हा नावं वाटून द्यायला माझं काय जात होतं! आता हा गोळा हातात आला आणि माझं मन फिरलं. शाळेत, परीक्षेत, उद्या दारावरच्या पाटीवर जे नाव लागेल त्यात आईकडचं काहीच नसावं का?

सासूबाईंच्या मनात नाव पक्कं आहे. दुसरं चालेल का विचारलं तर नुसत्या हसल्या. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "ते आमच्या घरातलं जुनं नाव आहे," आणि पंपहाउसला निघून गेला. चार दिवस तिकडे, तीन दिवस घरी अशी त्याची पाळी असते. अडचणीचं काही विचारलं की याची निघायची वेळ झालेलीच असते.

बाई वाईट नाहीत गं. मला त्यांची भाषा त्याच शिकवतात. समजलं नाही तर हसत नाहीत, चिडत नाहीत. तेच वाक्य पुन्हा म्हणतात, हळू, एकेक शब्द सुटा करून. मी बरोबर उत्तर दिलं की माझ्या गालाला हात लावतात. आई गेल्यापासून असा हात मला कुणी लावला नव्हता.

पाळण्याला नावाची पितळी पट्टी हवी आणि ती तूच कोरावीस, असं त्यांनी स्वतःहून सांगितलंय. आमच्या दारावरची तुझ्या हातची पाटी त्या रोज फडक्याने पुसतात.

तू एखादं नाव सुचव, दोन्ही भाषांत जिभेवर बसेल असं. त्यांना 'ळ' म्हणता येत नाही आणि जोडाक्षर आलं की त्या अडखळतात.

तुझी ठकू


११ एप्रिल

अगं ठकू,

तुझं पत्र वाचलं तेव्हा मी एका खुर्चीवर बसून दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवून होते, आणि अजून तशीच आहे. गेल्या आठवड्यात संगमरवराची लादी पायावर घेतली. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, दोन महिने प्रवास बंद. मास्तर धावत आले आणि पहिलं काय विचारलं असेल? "लादीला काही झालं नाही ना?" वीस वर्षं त्यांच्या दुकानात अक्षरं कोरतेय, आणि ही माया! तेव्हा भाच्याला बघायला यायचं माझं सगळं बोंबललं. हात मात्र शाबूत आहेत.

हाकेचं नाव तर पोराने स्वतःच ठरवून टाकलंय. भोंगा! शिंप्याचं मशीन बंद पाडतो म्हणजे काय चेष्टा आहे? आपल्या घरामागच्या कारखान्याचा भोंगा आठवतो का? तो वाजला की आई म्हणायची, चला, जग जागं झालं.

आता चांगलं नाव. मी माणसांच्याच काय, कुत्र्यांच्या नावाच्याही पाट्या कोरल्यात, तेव्हा माझं ऐक. 'हृषीकेश' नको, सासूबाईंची जीभ मुरगळेल. 'निनाद' घे. तीन अक्षरं, जोडाक्षर नाही, ळ नाही, कोरायलाही सरळ. आणि निनाद म्हणजे तरी काय, भोंगाच, फक्त सुटाबुटातला.

पट्टी आनंदाने करीन. पण मला त्यांची लिपी वाचता येत नाही हे लक्षात ठेव. मी ती अक्षरं चित्रासारखी बघून उतरवते. तुझे पंपवाले यंत्रांच्या पाट्या करून घ्यायला आले होते (आणि पाट्यांबरोबर तुलाही घेऊन गेले), तेव्हा त्यांचे आकडे तेवढे मला पाठ झाले. अक्षर एकही येत नाही. म्हणून नमुना पाठवा. ते नाव कुठे कोरलेलं असेल तर त्यावर पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची, छाप उमटतो. बरोबर 'निनाद'ही लिहून घे त्यांच्या लिपीत. बघू कुठलं कोरायची वेळ येते.

आणि एक विचारू? घरातलं जुनं नाव म्हणजे आधी कुणाचं? विचारून घे बाई. वापरलेलं नाव घ्यायला माझी हरकत नाही, पण कुणी वापरलं ते माहीत असलेलं बरं.

ताई


१९ एप्रिल

ताई,

भोंगा वाजायचा बंद झाला! खरंच सांगते. सासूबाईंकडे एक तपकिरी बाटली असते. त्यांच्या आईची कृती आहे. कसलीशी सुकलेली बोंडं आणतात, स्टोव्हवर उकळतात, गाळतात आणि बाटलीत भरतात. दोन थेंब जिभेवर ठेवले आणि स्वारी गपगार. पहिल्या दिवशी तीन तास झोपला, परवा पाच. मी केस धुतले. बाळंतपणानंतर पहिल्यांदा नीट केस धुतले, आणि आरशात बघून माझी मलाच ओळख पटेना. शिंपी विचारायला आला, बाळ कुठे पाहुणं गेलंय का!

बाई आता त्याला एका शब्दाने हाक मारतात. आपल्यात सांगायचं तर 'गुणी'. जो रडत नाही, त्रास देत नाही, तो गुणी. मी त्यांना हौसेने तुझं 'भोंगा' समजावून सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बाळाच्या दोन्ही कानांवर हात ठेवले, मी काही अभद्र बोलले असं. मला हसू आलं, पण नंतर दिवसभर जरा कसंतरीच वाटत राहिलं.

'निनाद' मला फार आवडलं. यालाही आवडलं. दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाला, छान आहे, पण आईला कोण सांगणार?

नमुना सोबत आहे. बाई स्वतः जाऊन घेऊन आल्या. सकाळी छत्री घेऊन एकट्याच निघाल्या, दुपारी आल्या तेव्हा चपला चिखलाने भरलेल्या. दोन कागद आहेत, दोन्हींवर नाव तेच. तू बघ आणि वळण चांगलं असेल ते घे, असा निरोप आहे. कुठल्या पाटीवरून आणलं विचारलं, तर काहीतरी म्हणाल्या आणि मला ते कळलं नाही. या वेळी त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

ठकू


२६ एप्रिल

ठकू,

हे पत्र एकटी असताना वाच.

तुझे दोन्ही कागद मी दोन दिवस टेबलावर ठेवलेत. मास्तरांनाही दाखवले, म्हणजे माझ्याच मनाचे खेळ नकोत. ते छाप कुठल्या पाटीचे नाहीत. पितळेवरचं अक्षर कडेला धारदार असतं, पेन्सिलची रेघ तिथे तुटून थांबते. या अक्षरांच्या कडा झडल्यात. अक्षराचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता आहे, पाणी साचू नये म्हणून उघड्यावरच्या दगडात आम्ही कापतो तसा. मधे पांढरे डाग आहेत, तिथे शेवाळ धरलंय. ठकू, असे दगड मी दर महिन्याला करते. ते कुठे उभे करतात हे तुला सांगायला नको.

आणि ते दोन वेगवेगळे दगड आहेत. एक जास्त झिजलाय, दुसरा कमी, आणि कोरणारे हातही दोन. नाव मात्र एकच.

दोन्ही कागदांची खालची पट्टी कात्रीने कापून टाकलीय. पण कापणारीचा हात जरा वर-खाली झाला आणि आकड्यांची टोकं वर राहिली. मला अक्षरं येत नाहीत म्हणून तिला भीती वाटली नसेल. आकडे येतात हे तिला कोण सांगणार? टोकांवरून मी साल लावलं. एका दगडावर दोन तारखा, दोन्हींचं साल एक. दुसऱ्यावरही तसंच. म्हणजे वर्षाच्या आत आलेली आणि वर्षाच्या आत गेलेली दोन मुलं, एकाच नावाची, आणि ते नाव तुझ्या पोराला द्यायचं चाललंय.

मला अपशकुन वगैरे काही म्हणायचं नाही. मी दगडाधोंड्यांत बसणारी बाई, असल्या गोष्टींनी घाबरत नाही. पण हे तुझ्यापासून लपवलं का, याने मी घाबरलेय. नवऱ्याला समोर बसव आणि विचार, ती मुलं कोण आणि कशाने गेली. मी ते नाव कोरणार नाही.

ताई

ता. क. ती बाटली कसली? बोंडं कसली? बाळाला कुठलंही औषध डॉक्टरला दाखवल्याशिवाय देऊ नये गं.


४ मे

ताई,

तुझ्या पत्राचा मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. तुला हे लग्न पहिल्यापासून पसंत नव्हतं. आता पेन्सिलच्या छापात तुला शेवाळसुद्धा दिसायला लागलं!

विचारलं मी याला. दडवायसारखं काही नव्हतं, दुःखाची गोष्ट आहे म्हणून कुणी बोलत नाही, एवढंच. ते याचे मोठे भाऊ. पहिला चार महिन्यांचा होऊन गेला. दोन वर्षांनी दुसरा झाला, त्यालाही तेच नाव ठेवलं, तोही पाचव्या महिन्यात गेला. कुठला आजार नाही, ताप नाही. दोघंही झोपेतच गेले, अगदी शांत. नंतर हा झाला तेव्हा बाईंनी धसकाच घेतला होता. याला वेगळं नाव दिलं आणि सहाव्या दिवशी आत्याकडे पाठवून दिलं. शाळेत जायच्या वयाचा झाल्यावर परत आणलं. स्वतःच्या पोटचं मूल सहा वर्षं लांब ठेवलं त्या बाईने! ते नाव एकदा तरी मोठं व्हावं, शाळेत जावं, म्हातारं व्हावं, असं तिला वाटतं. मला हे ऐकून रडू आलं. आता मी कुठल्या तोंडाने त्यांना नाही म्हणू? निनाद राहू दे तुझ्या कागदावर.

बाटलीत विष असतं तर बाळ असं सुधारलं असतं का? रडण्याचं तर नावच नाही. आता चार-चार थेंब देतात, दिवसातून चार वेळा, कारण दोनने भागत नाही. मलाच त्याला दुधासाठी उठवावं लागतं. दोन घोट घेतो की पुन्हा डोळे मिटतो. गालफडं जरा आत गेलीत, पण सासूबाई म्हणतात, बाळसं उतरतंच. त्या दिवसभर पाळण्याशी बसून असतात. म्हणतात, अगदी त्या दोघांवर गेलाय. तेही असेच गुणी होते.

पट्टी कोरायची नसेल तर तसं स्पष्ट कळव. इथे दुसरा कुणी शोधू.

ठकू


तार, ९ मे

ठकू बाटली ताबडतोब बंद कर. बाळाला आजच दवाखान्यात ने. बाटली सोबत ने. घरात कुणाचं ऐकू नकोस. ताई


१० मे

आदरणीय ताई,

नमस्कार. मी मराठीत लिहीत आहे. लिहिण्याचा सराव नाही, चूक असेल तर हसू नका.

तुमची तार आली तेव्हा मी दारात होतो. मी ती वाचली आणि खिशात ठेवली. तुमच्या बहिणीला दिली नाही. ती आताच बाळंतपणातून उठली आहे, तिला भीती घालणे बरोबर नाही. तुमचे आधीचे पत्र वाचून ती दोन दिवस जेवली नव्हती.

ताई, माझी आई दोन मुले घालवलेली बाई आहे. तुम्ही त्या बाईच्या बाटलीवर संशय घेता, हे मला फार लागले. ती बाटली तिच्या आईची आहे, तिच्या आईला तिच्या आईने शिकवली. मी आत्याकडे वाढलो म्हणून मला ती मिळाली नाही. आत्या म्हणते मी फार रडका होतो, शेजारी तक्रार करत.

बाळाची काळजी करू नका. ते दिवसभर झोपते. मी मोठ्याने हाक मारली तर डोळे अर्धे उघडते आणि परत मिटते. इतके शांत मूल मी पाहिले नाही.

आई पट्टीची वाट पाहते. तुमच्याच हातची हवी असे ती म्हणते. तेवीस तारखेला आम्ही नोंदणीला जाणार आहोत. कृपा करून पट्टी पाठवा आणि तार पाठवू नका. आजपासून मी चार दिवस कामावर आहे, पण पोस्टमनला सांगून ठेवले आहे, तार आली तर पंपहाउसला आणायची.

आपला नम्र,
धाकटा जावई


१४ मे

सौभाग्यवती धाकट्या भगिनीस अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम. तुझ्या सासूबाईंच्या इच्छेप्रमाणे नावाची पट्टी तयार करून जलद पार्सलाने पाठवीत आहे. जास्त झिजलेल्या नमुन्याचे वळण अधिक सुबक वाटले, म्हणून तेच घेतले आहे. त्यांना माझा नमस्कार सांगावा आणि झाल्या गोष्टीबद्दल मनात काही ठेवू नये अशी विनंती करावी.

एक सूचना. पितळेवर मागच्या बाजूला तेल राहते, ते लाकडाला लागल्यास डाग पडतो. म्हणून पट्टी पाळण्याला लावण्यापूर्वी मागची बाजू तू स्वतः, स्वतःच्या हाताने, उजेडात धरून पुसून घ्यावीस.

कळावे, लोभ असावा.

तुझी ज्येष्ठ भगिनी


(पट्टीच्या मागे, बारीक अक्षरांत कोरलेलं)

ठकू मी तार केली होती ती तुला दिली नाही. बोंडं अफूची आहेत. ती दोन मुलं यानेच गेली. तुझा नवरा आत्याकडे होता म्हणून वाचला. बाळाला उचल. बाटली घे. आत्ता दवाखान्यात जा. मग रागव.


२४ मे

ताई,

तू मला 'सौभाग्यवती भगिनी' म्हणालीस तिथेच थांबून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तू मला जन्मात ठकूशिवाय काही म्हटलेलं नाहीस.

सतरा तारखेला दुपारी पार्सल आलं. बाईंनीच उघडलं. नावावरून अंगठा फिरवत उभ्या राहिल्या, डोळे भरून आले होते. मग पट्टी माझ्या हातात दिली आणि फडकं दिलं. मी खिडकीशी जाऊन उलटी केली. दोनदा वाचली. मग पुसल्यासारखं केलं आणि त्यांना परत दिली. त्यांचं लक्ष पट्टीकडेच होतं.

बाळ सकाळपासून झोपलेलं होतं. मी त्याच्या टाचेला चिमटा काढला. मग जोरात काढला, नख उमटेपर्यंत. तो रडला नाही, ताई. ओठ निळसर दिसत होते. किती दिवसांपासून तसे होते कुणास ठाऊक, मी बघितलेच नव्हते. मी त्याला दुपट्यात गुंडाळलं, बाटली चोळीत खोचली आणि बाईंना म्हटलं, खाली शिंप्याला झबल्याचं माप देऊन येते. खोटं बोलले, आणि त्यांच्या भाषेत पहिल्यांदाच एकही चूक न करता बोलले. त्या हसल्या.

शिंप्याने माझं तोंड बघून दुकान उघडंच टाकलं आणि स्कूटर काढली. वाटेत म्हणाला, महिनाभर आवाज नाही, रोज वाटायचं वर जाऊन विचारावं, पण तुमच्या घरचा मामला.

दवाखान्यात नर्सने फॉर्म पुढे ओढला आणि बाळाचं नाव विचारलं. मी म्हटलं, निनाद. तिने त्यांच्या लिपीत लिहिलं आणि आत पळाली. डॉक्टरीणबाईंनी बाटलीचं बूच काढून वास घेतला. किती दिवस देताय, विचारलं. महिना झाला, म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मला वाटलं माझी भाषा चुकली. भाषा बरोबर होती.

तीन दिवस त्याच्या नाकात नळी होती. मी बाकावर बसून त्याची छाती वर-खाली होते का ते बघत होते आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, की मी केस धुतले. तो तिथे मरत होता आणि मी केस धुतले, झोपा काढल्या, तुला भांडणाचं पत्र लिहिलं. तू म्हणशील तुला काय माहीत. पण मी आई होते ना गं. चौथ्या दिवशी सकाळी तो रडला. आधी मांजरासारखा, मग मोठ्याने, मग असा की पलीकडच्या वॉर्डातून लोक बघायला आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रडू द्या, शरीरातून ते उतरेपर्यंत हा असाच रडेल. त्यांचे पाय धरायचेच काय ते बाकी राहिले.

नवरा पंपहाउसवरून आला तेव्हा तुझी तार त्याच्या खिशातच होती, घडी झिजून फाटलेली. तो भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "आईला सांगू नकोस. तिला कळलं तर ती जगणार नाही." त्याच्यावर ओरडायचं ठरवलं होतं, पण त्याचा चेहरा बघून ओरडवेना. बाईंना त्याने सांगितलंय की बाळाच्या छातीत कफ झाला होता.

परवा मी बाळाला घेऊन तुझ्याकडे यायला निघतेय. तो आम्हाला पोचवायला येणार आहे. निघण्याआधी नोंदणी कार्यालयात जाणार, नाव निनादच लागणार, त्याने तसं सही करून दिलंय. तुझ्या प्लास्टरवर भोंग्याला बसवायचंय मला.

आज बाळाला दवाखान्यातून सोडलं, तेव्हा कपडे घ्यायला म्हणून घरी आले. पट्टी पाळण्याला लावलेली होती. बाईंनी स्वतः स्क्रू पिळून बसवलीय, नाव पुढे, तुझं लिहिलेलं मागे लाकडाला टेकलेलं. मी काढायला गेले नाही.

बाळ कडेवर होता आणि जीव खाऊन रडत होता. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात रिकामा चमचा होता, बाटली शोधत असाव्यात. खूप वेळ त्याच्याकडे बघत होत्या, घाबरल्यासारख्या. मग मला विचारलं. माझे दोघे कधीच असे रडले नाहीत, मग हा का रडतो?

मला समजलं होतं. मी समजलं नाही असं दाखवलं. मान हलवली, आधी हलवायची तशी.

त्या चिडल्या नाहीत. जवळ आल्या, चमचा टेबलावर ठेवला आणि गालाला लावायला हात पुढे केला. तेच वाक्य पुन्हा म्हणायला लागल्या, हळू, एकेक शब्द सुटा करून. माझे. दोघे. कधीच. रडले. नाहीत. तिथपर्यंत आल्या आणि थांबल्या. पुढचे शब्द त्यांना आलेच नाहीत. त्या टेबलावरच्या चमच्याकडे बघत होत्या. हात माझ्या गालापाशीच राहिला होता, ताई, आणि भोंगा रडत होता.

ठकू